कांडवेलीची चटणी

पाट्यावर कांडवेलीची सहा कोवळी पेरं होती. बाबा ती चिंच घालून वाटत होते, घसा खवखवू नये म्हणून. “मिठागरात जलमभर ऊन खाल्लं, तरी हाडं ठिसूळ! आता वेल खाऊन घट्ट व्हतील?” आई हसली. वेलीतली द्रव्यं हाडांच्या पेशी वाढवतात, हे मी प्रयोगशाळेत पाहिलं होतं. पण उन्हानं बनणारं ड जीवनसत्त्व मूत्रपिंडांतून गेल्यावरच हाडांच्या कामी येतं, आणि आईची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं डॉक्टरांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. चटणी भरवून बाबांनी तिला उन्हात न्यायला उचललं. “बाय, बघ, किती हलकी लागते! वेल लागू पडली. दुखणं उतरतंय ना?” मी “हो” म्हटलं. तिला घेऊनच त्यांना काट्यावर उभं केलं, मग त्यांचं वजन वजा केलं. आई गेल्या महिन्यात छत्तीस किलो होती, आज एकतीस.