टेबलावरची पपई

आहारतज्ज्ञ लेक भाषणांनी सभागृहं गाजवायची, पण घरी बाबांपुढे तिची डाळ शिजत नसे. "फळं आजाऱ्याला न्यायची असतात," सुतारकाम करणारे बाबा रंधा मारता मारता तिला उडवून लावायचे. "धडधाकट माणसाला कसली आलीयेत फळं?" त्या घरात फळांची पिशवी आली, की कोणीतरी अंथरुणाला खिळलंय, हे शेजारीही ओळखायचे.

आज ती माहेरी आली, तर टेबलावर कापलेली पपई, शेजारी संत्री आणि पेरूंचा ढीग. चपला न काढताच ती आत धावली.

"आई! बाबांना काय झालं?"

आईनं तोंड उघडायच्या आत बाबाच मागच्या दारातून आले. अंगभर भुसा आणि हातात अर्धा खाल्लेला पेरू.

"मला काय धाड भरलीये?"

"मग ही एवढी फळं कशाला?"

बाबांनी तिची नजर चुकवत पेरूचा आणखी एक चावा घेतला.

"काही होऊ नये म्हणून! तूच सांगत फिरतेस ना गावभर?"