छातीचा फोटो

"गळ्यातलं काढा. चांदी आहे, फोटोत पांढरा डाग पडेल," फोटो काढणारा म्हणाला.

कल्याणप्पानं इष्टलिंगाची डबी मुठीत धरली. "मेल्यावर मातीत बी माज्यासंगंच जाईल ही. काढायची न्हाय."

"मग डाग पडला म्हणून मला बोल लावू नका."

"पडू द्या."

सोलापूरच्या दवाखान्यातली ती गार पाटी उघड्या छातीला चटका देत होती. मध्ये सापडलेली डबी बरगडीत रुतत होती. श्वास धरा म्हटलं की नेमका खोकला यायचा. शेवटी एकदाचा फोटो निघाला.

बेंबळीचा हा कापसाचा व्यापारी एरवी तासन्‌तास बैठकीवरून हलायचा नाही. आज मात्र त्याला बाकावर बूड टेकवत नव्हतं. उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. बायको शिवगंगा नुसती बघत बसली होती. घरी पाळण्यात मुलगा होता. त्याचा जन्म झाला तेव्हाच हा खोकला मागं लागला आणि क्षयाच्या भीतीनं बापानं अजून पोराला हात लावला नव्हता. पोराच्या गळ्यात लिंग बांधायच्या, लिंगधारणेच्या दिवशीसुद्धा तो उंबऱ्याबाहेर उभा होता. त्या दिवशी शिवगंगाला फार रडू आलं होतं.

शेजारी माकणीचा बब्रुवान बसला होता. आडमाप गडी, बैलगाडीवरून पडून छातीत कळ धरलेला. "मला काय बी झालं न्हाय, मालक. बायकोनं आनलंय धरून," तो हसून सांगत होता. त्याचाही फोटो निघाला होता. दोन्ही फोटो आत एकाच तारेवर वाळत होते.

आधी बब्रुवानला बोलावणं आलं. बाहेर आला तेव्हा त्याचं हसणं कुठल्या कुठं गेलं होतं. त्याला क्षयाच्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं होतं. त्याची बायको भिंतीला टेकून खालीच बसली. एवढा धडधाकट माणूस, आपलं काय होणार, या विचारानं कल्याणप्पा पुन्हा उठून दारापर्यंत गेला.

डॉक्टर घाईत होते. माणसाकडं ओझरतं पाहून त्यांनी फोटो उजेडात धरला. छाती स्वच्छ आहे, खोकला कापसाच्या धुळीचा आहे, काही दिवस गोदामात जाऊ नका, असं सांगून त्यांनी पुढच्याला हाक मारली. कल्याणप्पानं डॉक्टरांचे पायच धरले.

परतताना हद्दीवरच्या करोडगिरीच्या जकात नाक्यावर निजामाच्या शिपायानं पाकीट उघडून फोटो उन्हात धरला. आत काय लपवलंय ते त्याला कळेना. "माजी छाती हाय, साब. साफ हाय," कल्याणप्पा अभिमानानं म्हणाला. शिपायानं चुकीचा माल हाती आल्यासारखं तोंड केलं आणि गाडी सोडली.

घरात पाऊल टाकताच कल्याणप्पानं पोराला पाळण्यातून उचललं. त्याचे मुके घेतले, मध्येच खोकला, पुन्हा घेतले. पोर कावरंबावरं होऊन बापाच्या गळ्यातली डबी ओढू लागलं. शिवगंगाला इतका आनंद झाला की कुणाला सांगू आणि कुणाला नको असं होऊन गेलं.

सासू गंगम्मा दारात बसली होती. शिवगंगानं फोटो तिच्यापुढं उन्हात धरला आणि दवाखान्यात ऐकलेलं सगळं सांगू लागली. "ह्या बरगड्या, आत्याबाई. ही मदली सावली काळजाची. कुटंच डाग न्हाय बगा."

गंगम्मानं फोटो हातात घेतला. वरून खालपर्यंत पाहिला. उलटा करून पुन्हा पाहिला.

"सगळं दिसतंय गं," ती म्हणाली. "मग ह्याच्या गळ्यातली डबी कुठं हाय?"