दुसरा कागद

बायको, शालन, गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, त्या दिवसापासून दिगंबर सुताराच्या भिंतीवरचं यंत्र दिवस मोजू लागलं. तशी यंत्रं घरोघरी होती. घरातलं बोलणं ऐकून ती मनाचे आजार वर्गवार नोंदवत. सहा महिन्यांवर टिकलेला शोक आजारात धरला जाई, आणि सक्तीच्या उपचारानंतर गेलेल्या माणसाचा आवाजच आठवेनासा होई. म्हणून दिगंबर रडला नाही. त्यानं घरात तोंडच उघडलं नाही.

मुदत संपली तेव्हा नर्सबाई आल्या. यंत्रातून दोन कागद निघाले.

"काका, सुटलात. तुम्हाला आजार नाही." मग त्यांनी दुसरा कागद पाहिला. "घरात अजून कोण असतं?"

"मी एकटाच."

"मग ही कोण? स्त्री, वय बासष्ट. दीर्घ शोक. रोज सकाळी म्हणते, 'अहो, माझं काही चुकलं का? बोलत का नाही?'" नर्सबाईंचा आवाज खाली आला. "यांना उपचार लागेल, काका. इथं त्यांची सही हवी."

त्या गेल्यावर दिगंबर कागद घेऊन शालनच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेला. यंत्र ऐकतच होतं.

"अगं, चुकलं ते माझंच," तो म्हणाला. "पण यावर सही करू नकोस."

कागद ओट्यावरच आहे. सही अजून झालेली नाही.