निवेदनातलं शेवटचं वाक्य

भाड्यानं दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याज आता करपात्र उत्पन्नातून वजा होणार नाही, असं कानावर आलं आणि जालन्यातल्या आमच्या गल्लीतले घरमालक चिडले. सरकारला निवेदन लिहायचं काम निवृत्त मास्तर अंगदरावांकडे आलं. त्यांचा हात थरथरतो, म्हणून त्यांनी आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या बेबीनंदाला हाक मारली. तिचं अक्षर छापल्यासारखं. चार वर्षांपासून एकट्या अंगदरावांचं संध्याकाळचं ताटही तीच खाली आणून द्यायची.

शेवटचं वाक्य त्यांनी जरा जोरातच सांगितलं, "ही सवलत गेल्यास आम्हाला भाडेकरूंना घराबाहेर काढावे लागेल." तिनं ते एकही खाडाखोड न करता लिहिलं.

आठव्या दिवशी दारात टेम्पो उभा राहिला. अंगदराव चप्पल न घालताच बाहेर आले. "अगं, ते तर सरकारला भेव दाखवायला लिहिल्तं. तुला कोण काढून राह्यलंय?"

बेबीनंदानं किल्ली त्यांच्या हातात ठेवली.



"मला सासरच्यांनी काढलं ना आबा, तवाबी आधी नुसतं म्हणूनच दाखवलं होतं."