हाताची हाक

नवव्या रविवारी घड्याळजींनी गुंड्यासोबत बायकोलाही वर्गात आणलं. मागोमाग मुलगा आला आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत दाराशीच उभा राहिला.

कुत्र्यांचा हा वर्ग एका शाळेच्या व्यायामशाळेत भरायचा. गुंड्या धरून सात कुत्री, त्यांचे सात मालक, आणि दोघांनाही शिस्त लावणाऱ्या बाई. आज परीक्षा होती. सगळ्या कुत्र्यांनी रांगेत बसायचं. ज्याची पाळी, त्याला पार समोरच्या भिंतीपासून बोलवायचं. आला तर पास. बोलावल्यावाचून जागचा उठला तो नापास. पास झालेल्यालाच मोठ्या बागेत मोकळं सोडता यायचं, म्हणून लोक रविवारची झोप मोडून येत होते.

घड्याळजींना बागेचं काही पडलं नव्हतं. घशाच्या ऑपरेशननंतर बायकोचा आवाज गेला तो गेलाच. गल्लीतले सगळे तिला काकू म्हणत. मध्यंतरी गुंड्या फाटकातून रस्त्यावर पळाला, हाक मारता येईना म्हणून काकू मागे धावल्या, पडल्या आणि डावं मनगट मोडून बसल्या. घड्याळजी दिवसभर दुकानात. घरात काकू आणि गुंड्या, दोघंच. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

"आज आला नाही तर मी त्याला इथूनच मित्राकडे नेऊन सोडतो, बाबा," मुलगा हळूच म्हणाला. "आईचं दुसरं मनगट मोडायची वाट नाही बघणार मी."

पोरगा काही चुकीचं बोलत नव्हता, आणि नेमकी तीच पंचाईत होती.

म्हणूनच तर गुंड्याला हाताने बोलवायला शिकवायचं होतं. उजवा हात उंच करायचा आणि छातीवर टेकवायचा. पाच रविवार सगळं झकास चाललं. सहाव्या रविवारी बाईंनी घड्याळजींची चोरी पकडली. चाळीस वर्षं घड्याळं उघडून बसलेला माणूस. चिमट्यातून निसटलेल्या स्क्रूलासुद्धा "ये रे राजा, ये" म्हणून चुचकारायची सवय. हात वर केला की तेच ओठांतून बाहेर पडायचं, आणि त्यांचं त्यांना कळायचंही नाही. गुंड्या हाताकडे बघतच नव्हता. तो पुटपुटणं ऐकून येत होता.

घड्याळजींचं तोंड एवढंसं झालं. पाच रविवार पाण्यात.

"एकट्याला गप्प राहणं जमत नाही," बाई म्हणाल्या. "आपण सगळेच गप्प राहू."

त्या दिवसापासून वर्गात बोलायची बंदी. बाकी सहा जणांचं काहीएक अडलेलं नव्हतं. त्यांची कुत्री तोंडी हुकमावर छान येत होती. तरी पोस्टमनपासून गणिताच्या सरांपर्यंत सगळे हात उंच करून छातीवर टेकवायला लागले. सगळ्यांत हाल झाले ते दातांच्या डॉक्टरांचे. आ वासून पडलेल्या माणसाशी अखंड गप्पा मारण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी तीन रविवार कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. या लोकांचे आभार मानावेत असं घड्याळजींच्या रोज मनात यायचं, आणि मानायचे कसे ते सुचायचं नाही.

पहिली पाळी गुंड्याची होती. बाकीचे मालक बाजूच्या भिंतीला लागून, कुत्र्यांना दिसतील असे उभे राहिले. घड्याळजीही तिथेच. काकू एकट्या समोरच्या भिंतीपाशी गेल्या, वळल्या, हात उंच केला आणि छातीवर टेकवला. एकदाच. दुसऱ्यांदा बोलावलेलं बाईंना चालत नसे.

गुंड्याने काकूंकडे बघितलं. मग मान वळवून घड्याळजींकडे बघितलं.

"ये रे राजा" घड्याळजींच्या दातांपर्यंत आलं. शेजारच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. आजचं भागलं असतं. पण उद्या फाटकापाशी कोण पुटपुटणार होतं? त्यांनी हातातला पट्टा दातांत धरला आणि घट्ट चावला.

गुंड्याने बराच वेळ वाट बघितली. काहीच ऐकू येईना, तेव्हा त्याने पुन्हा समोर बघितलं. काकूंचा हात छातीवरच होता.

तो उठला आणि चालायला लागला.

तो अर्ध्यावर गेला आणि पोस्टमनचं कुत्रं उठलं. हात त्यानेही बघितला होता. मग सरांचं उठलं, मग अख्खी रांगच. मालकांनी तळहात पुढे केला असता तर सगळी जागच्या जागी थांबली असती, थांबायची खूण तीच होती. पण मग गुंड्याही थांबला असता. सहाही जणांनी मुकाट्याने हात खिशात घातले.

पहिला गुंड्या पोचला. काकू मटकन खाली बसल्या आणि त्याच्या गळ्यात पडल्या. तेवढ्यात बाकीची सहा येऊन आदळली आणि काकू दिसेनाशा झाल्या. दाराशी मुलाने किल्ली खिशात टाकली आणि उगाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"एक पास, सहा नापास," बाई म्हणाल्या. "सहा जणांनी पुढच्या रविवारपासून पुन्हा पहिल्यापासून यायचं."

सहाही जणांनी माना डोलावल्या.

काकू कपडे झटकत उठल्या. खिशातले हात त्यांनी बघितले होते. त्यांना आभार मानायचे होते, आत्ता, इथेच, आणि त्याची खूण तर कोणी शिकवलीच नव्हती. त्यांनी त्या सहा जणांकडे बघितलं, हात उंच केला आणि छातीवर टेकवला.

सगळ्यांत आधी दातांचे डॉक्टर धावले.