भिंतीवरचा नंबर

भिंती गुळगुळीत करण्यात या रंगाऱ्याची हयात गेली, आणि डिझायनरबाईंनी मला नवीकोरी भिंत खराब करायला लावली! त्यांना व्हिएतनाममधल्या गल्लीसारखं हॉटेल करायचं होतं: बुटकी प्लास्टिकची स्टुलं, लोंबत्या वायरी आणि भिंतभर छापलेले जाहिरातींचे फोन नंबर. मालक म्हणाले, “खरा नंबर नको हं. गिऱ्हाइकं गंमत म्हणून लावतील, कुणाला तरी फुकट मनस्ताप.” बाई म्हणाल्या, “माझ्या मुलाचा टाका. तो जाऊन वर्ष झालं. उचलायला कुणी नाही.” मी तो छापला. उद्घाटनाच्या दिवशी कॉलेजच्या टोळक्यातल्या एकाने खिदळत नेमका तोच नंबर लावला. बाईंच्या पर्समध्ये मोबाइल वाजला. तडकलेल्या काचेचा तो जुना फोन त्यांनी घाईघाईने कानाला लावला. “हॅलो, मी त्याची आई बोलतेय. तो आत्ताच जरा बाहेर गेलाय, बाळा. कोणाचा फोन होता म्हणून सांगू?”