तात्पुरता भाग

"बटणाला हात लावू नका, सर!"

सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंचा आवाज एवढा चढला, की संचालकांचा हात अधांतरीच राहिला.

सकाळी संस्थेची वीज तासभर गेली, मग बॅटरीनेही मान टाकली आणि दोन वर्षं अखंड चालणारं मशीन बंद पडलं. त्याच्या डिस्कचे दोन भाग होते, एक कायमचा आणि एक तात्पुरता. मशीन सुरू होताना एक स्क्रिप्ट आपोआप चालायची आणि तात्पुरता भाग पुसून रिकामा करायची. पण मशीन कधी बंदच झालं नाही, त्यामुळे ही गोष्ट सगळेच साफ विसरून गेले होते.

"हिचं सगळं रेकॉर्डिंग त्या तात्पुरत्या भागात आहे," बाई म्हणाल्या. भिंतीशी पीएच.डी. करणारी मुलगी पांढरीफटक पडून उभी होती. तीन पावसाळे तळ्याकाठच्या चिखलात बसून तिने बेडकांचे आवाज टिपले होते. "तुम्हीच म्हणालात ना, विद्यार्थ्यांचं सामान तिकडे टाका म्हणून?"

"अहो, बाहेर पाहुणे ताटकळलेत. एवढ्याशा स्क्रिप्टचा केवढा बाऊ!"

"पेनड्राइव्हवरून मशीन चालू करते, म्हणजे स्क्रिप्ट चालणार नाही. जरा दम धरा."

पेनड्राइव्ह काढायला बाई कपाटाकडे वळल्या, तोच मागे पंखा घरघरला. संचालकांचं बोट अजून बटणावरच होतं. पडद्यावर ओळी धावू लागल्या.

"झालं की नाही सुरू?" ते खुशीत म्हणाले.

"ताई, पुसतंय ते!" मुलगी किंचाळली.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी संचालकांना कोपराने बाजूला सारलं आणि भिंतीतला प्लग हिसडून ओढला. पडदा काळा झाला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" संचालक कडाडले. "पाहुण्यांना काय तोंड दाखवू मी?"

"किती वाचलंय ते कळेपर्यंत हे मशीन कुणाच्या बापालाही सुरू करू देणार नाही."

संचालक मुलीकडे वळले. "आणि तू रडतेस काय? बेडूक दरवर्षी ओरडतात. पुन्हा टिप."

मुलीने डोळे पुसले.

"मागचं तळं बुजवून तुम्ही पार्किंग केलंत, सर," ती म्हणाली. "कुठले बेडूक?"